अर्धा सूर वर

मश्तागा, ६ सप्टेंबर १९७६

माझ्या बायकोला, दिलशादला वाचता येतं, म्हणून ही वही माझ्या वाद्याच्या पेटीत, अस्तराखाली राहील. त्या पेटीला घरात कोणी हात लावत नाही. बासष्टाव्या वर्षी माणूस वही लिहायला बसतो तेव्हा एक तर त्याला मरण दिसायला लागलेलं असतं, नाहीतर असं काही घडलेलं असतं की ते कोणाला सांगताही येत नाही आणि पोटात ठेवताही येत नाही. मला मरण वगैरे काही दिसत नाही.

सकाळी तुकेझबान आली होती, माझ्या धाकट्या भावाची बायको. सेयफुल्लाला जाऊन जूनमध्ये वर्ष झालं. दुखवटा संपला, आता त्यांच्या मुलाचं, रऊफचं लग्न. रमजाननंतर आठवड्याने, तीन ऑक्टोबरला. अंगणात मांडव, दिवसा पुरुषांची मैफल, सगळं आपल्या रीतीने. मी म्हटलं, गाणाऱ्याचं मी बघतो, तू काळजी करू नकोस.

"गाणारा ठरलाय, दादाश." ती चहाच्या पेल्यात बघत म्हणाली. सेयफुल्ला मला दादाश म्हणायचा, म्हणून तीही म्हणते.

"ठरलाय? मला न विचारता? कोण?"

"बेहलूल."

दिलशादने माझ्या पुढ्यातली सुरी उचलून नेली. डाळिंब अजून अर्धं कापायचं राहिलं होतं, तरी नेली.

"जाताना त्यांनी एवढंच मागितलं," तुकेझबान म्हणाली. "रऊफच्या लग्नात बेहलूलने गायचं आणि दादाशने वाजवायचं. दोघांनी एकत्र बसून."

आपलेच दात नि आपलेच ओठ. माझा भाऊ असा होता, त्याला लाथ मारणाऱ्याच्या पायाला लागलं तर नाही ना, हे आधी बघणारा. मी हो म्हटलं. तुकेझबानने माझा हात डोळ्यांना लावला. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हसतो आहे. अठरा वर्षं मी या बेहलूलच्या सावलीला उभा राहिलो नाही, आणि आता तो आपल्या पायांनी चालत माझ्या हाताखाली येतो आहे.

९ सप्टेंबर

का, ते एकदा नीट लिहून ठेवतो. म्हणजे ऐन वेळी माझं मन मऊ पडलं तर वाचता येईल.

सन अठ्ठावन्न. याच गावात एका फुलबागवाल्याच्या मुलाचं लग्न. दोन गायक बोलावलेले, पाळीपाळीने गाणार. एक बेहलूल, दुसरा माझा सेयफुल्ला. सेयफुल्ला तेव्हा एकतीसचा. त्याचा आवाज मी काय वर्णन करू. तो खालच्या सुरात सुरुवात करायचा तेव्हा लोक गप्पा मारत असायचे, आणि तो मधल्या पायरीवर येईपर्यंत हातातले घास हातात राहायचे. आमचा मुगाम, म्हणजे आमचा राग, असाच असतो, पायरी पायरीने वर जातो आणि ऐकणाऱ्याला बरोबर नेतो. सेयफुल्ला तर उचलून न्यायचा.

बेहलूलने आधी पाळी घेतली आणि चहारगाह हा मुगाम निवडला. का निवडला? त्याला ठाऊक होतं, चहारगाहचं शिखर म्हणजे मन्सुरिये, तिथे तो चढला की सेयफुल्लाला चढावंच लागणार, नाहीतर नाक कापलं जाणार. त्याच्यासोबत बाकूचा एक वादक होता. माझं वाद्य तेच त्याचं, तार. तुतीच्या लाकडाचं, तोंडावर बैलाच्या काळजाचं पातळ कातडं, छातीशी धरून वाजवायचं. त्याचं नुसतं टणटण बोलत होतं. आमची पाळी यायच्या आधी मी माझं थोडं ताणून घेतलं, अर्धा सूर असेल. त्याच्यापुढे मी मिळमिळीत वाटलो असतो. वादकाने आपली अब्रू राखायची नाही तर कोणी?

सेयफुल्ला छान चढला. वर जाताना त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, चढ, मी आहे. मन्सुरियेत त्याचा गळा फाटला.

त्यानंतर तो गायला नाही. बोलायचा तेही घोगरं, कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागायचा. सतरा वर्षं त्याने पावाच्या दुकानात पाव विकले. मी त्याला म्हणायचो, मी त्या बेहलूलचा गळा असाच फाडीन. तो म्हणायचा, जाऊ दे दादाश. बेहलूलने कधी नाकारलंसुद्धा नाही. एकदा मी त्याला भर बाजारात गाठून विचारलं होतं, मुद्दाम चढवलंस ना? तो म्हणाला, "हो, मुद्दाम." आणि निघून गेला. एवढा निगरगट्ट.

आता माझी पाळी.

१४ सप्टेंबर

इस्राफिल आला होता. कमांचा, गजाचं वाद्य, तोच वाजवणार, आम्ही तिघे एका गालिच्यावर. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण चाळीस वर्षं सोबत वाजवल्यामुळे मला अरेतुरे करतो. आमच्यात तोच रोजे पाळतो, म्हणून चहा घेतला नाही, नुसता अंजिराखाली बसला.

"तू त्याच्यासोबत बसणार म्हणतोस, मला खरं वाटेना," तो म्हणाला. "काय गाणार आहे तो?"

"मला काय माहीत. चहारगाह गाईल."

इस्राफिलने माझ्याकडे निरखून पाहिलं. "बेहलूलने अठरा वर्षांत चहारगाहला तोंड लावलेलं नाही, केरीम. कोणी कितीही म्हटलं तरी."

"भेकड आहे."

"हं," इस्राफिल म्हणाला आणि गवताची काडी चावत बसला.

बरं झालं त्याने आठवण दिली. गायक कोणाचीही फर्माईश टाळू शकतो, पण लग्नघरच्या वडीलधाऱ्याची टाळता येत नाही. आणि सेयफुल्लामागे त्या घरचा वडील मी. मी उभा राहून चहारगाह मागणार. पट्टी माझ्या हातात असणार. माझ्या उस्तादांचा नियम होता आणि आम्ही सगळे तो पाळतो: गायकाने पट्टी मागायची नसते, वादकाने ओळखून द्यायची असते. चारचौघांत जो गायक म्हणतो 'जरा खाली घ्या', तो संपला. म्हणजे बेहलूल बोलू शकणार नाही. तो साठीचा आहे. अर्धा सूर पुरे.

२८ सप्टेंबर

ईद झाली. आज तुकेझबानच्या घरी आम्ही तिघे बसलो, एकमेकांचा अंदाज घ्यायला.

आधी हे लिहितो. बेहलूल आला, टोपी खुंटीला लावली, आणि न विचारता आत जाऊन पेले घेऊन आला. कुठल्या फळीवर पेले असतात, ते त्याला माहीत. कुठल्या पेल्याचा कान तुटलाय तेही माहीत, तो त्याने स्वतःला घेतला. मी तुकेझबानकडे पाहिलं.

"ते दर गुरुवारी यायचे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

सतरा वर्षं. माझ्या भावाच्या घरी. मी शुक्रवारी जायचो, म्हणून हा गुरुवारी. मला कोणी सांगितलं नाही, रऊफनेही नाही. मांजर दूध पितं तेव्हा डोळे मिटतं म्हणतात, इथे तर घरच्यांनीच मिटले होते. काय बोलत असतील हे दोघे? एक बोलू न शकणारा आणि एक त्याचा गळा घोटणारा. मनाला टोचत असणार त्याच्या, दुसरं काय.

"उस्ताद, पट्टी तुमची," बेहलूल मला म्हणाला आणि डफ मांडीवर घेतला.

मी त्याच्या गळ्याला बसेल अशी पट्टी लावली. आज मला त्याला जोखायचं होतं, पाडायचं नव्हतं. तो सेगाह गायला, विरहाचा मुगाम.

आता खरं लिहितो, कारण ही वही कोणी वाचणार नाही. पहिल्या चार सुरांतच मला कळलं की अठरा वर्षांत हा माणूस कुठे जाऊन पोचलाय. आवाज पूर्वीसारखा लखलखीत नाही. कडा झिजल्यात. पण तो एक शब्द घेतो, नुसतं 'बाळा' म्हणतो, आणि तो शब्द गळ्यात असा फिरवतो की ज्याचं जे हरवलंय ते त्याला आठवावं. मी वाजवत होतो. हात आपोआप त्याच्या मागे जात होते. तो थांबला की मी त्याची ओळ परत देत होतो आणि ती द्यायला मला आवडत होतं. तुकेझबान स्वयंपाकघरात पीठ मळत होती. वर्षभर तिला मी रडताना पाहिलं नव्हतं, मयताच्या दिवशीही ती दगडासारखी बसली होती. ती दारात आली, कोपरापर्यंत पिठाचे हात, आणि उभ्या उभ्या रडायला लागली. मोठ्याने, बाईने रडावं तसं. बेहलूल थांबला नाही. तिचं रडणं संपेपर्यंत त्याने ती जागा धरून ठेवली आणि मगच खाली उतरला.

मलाही रडू आलं. माझ्या वैऱ्याच्या आवाजाने माझ्या भावासाठी मला रडवलं. घरी येताना मी दात ओठ खात होतो. याला हा अधिकार कोणी दिला? त्या जागी सेयफुल्ला गात असता. तो आवाज सेयफुल्लाचा असायला हवा होता.

एक गोष्ट कळली. वरच्या सुराला त्याचा श्वास आखूड पडतो. अर्धा सूर पुरेसा आहे.

१ ऑक्टोबर

कबरस्तानात जाऊन आलो. सेयफुल्लाच्या दगडापाशी बसून त्याला सांगितलं, परवा. त्याने काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे, जाऊ दे दादाश. जाऊ देत नाही.

पण आज मन डळमळतंय, हेही लिहून ठेवतो. समजा त्याचा गळा गेला. मग तसा सेगाह मला पुन्हा कोण ऐकवणार? बाकूच्या रेडिओवर पोरं गातात, त्यांचं सगळं बरोबर असतं आणि काही होत नाही. दिलशाद रात्री भांडी आवरताना म्हणाली, "तुम्ही त्याच्यासोबत वाजवून आलात त्या दिवशी तुमचा चेहरा वेगळा होता."

"कसा?"

"सेयफुल्ला गायचा तेव्हा असायचा तसा."

मी म्हटलं, काहीतरीच. ती म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. नवऱ्याच्या शेवटच्या शब्दासाठी तुकेझबानने तुम्हा दोघांना एका गालिच्यावर बसवलंय. तेवढं तरी लक्षात ठेवा."

ठेवलंय. नऊ सप्टेंबरचं पान मी आज दोनदा वाचलं.

३ ऑक्टोबर

झालं. आजच लिहून ठेवतो.

सकाळपासून उत्तरेचा खजरी वारा होता, मांडवाचं कापड फडफडत होतं. दीडशे माणूस. पुढच्या ओळीत चहाखान्यातले सगळे म्हातारे, मधोमध मेशादी गुलाम. पूर्वी गावची पावाची भट्टी त्यांची होती. आता नव्वदीला आलेत, डोळे गेलेत, पण मश्तागात गाणाऱ्याचं भलंबुरं त्यांच्या मान हलवण्यावर ठरतं. हे लोक लग्नाला जेवायला येत नाहीत, ऐकायला येतात.

बेहलूल आधी सेगाह गायला, मग दोन हलकी गाणी. लोक 'जीव ओवाळून टाकावा या श्वासावरून' म्हणत होते. मग मी वाद्य गालिच्यावर ठेवून उभा राहिलो.

"आज माझा भाऊ असता तर त्याने चहारगाह मागितला असता," मी म्हणालो. "मुलाचा काका म्हणून मी मागतो."

मांडवात एवढी शांतता झाली की स्वयंपाकाच्या कढईचा आवाज ऐकू आला. रऊफ नवऱ्याच्या जागेवरून अर्धा उठला आणि परत बसला. बेहलूलने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं तो काहीतरी सबब सांगेल, आणि तसं झालं असतं तरी मला चाललं असतं, भेकड ठरला असता. तो म्हणाला, "काकांची इच्छा."

मी खुंट्या पिळल्या. इस्राफिल आपला कमांचा माझ्याशी जुळवायला लागला आणि थांबला. वाकून कुजबुजला, "केरीम, चढलंय."

"वाऱ्याने. उतरेल आपोआप."

"त्या वेळीही वाराच होता," इस्राफिल म्हणाला. याला मध्येच काय आठवतं कोण जाणे. मी डोळे वटारले तेव्हा त्याने मुकाट्याने जुळवून घेतलं.

मी सुरुवात वाजवली. पहिल्याच झंकाराला बेहलूलला कळलं. त्याने डफ गालाशी नेला आणि त्याच्या कडेवरून माझ्याकडे पाहिलं. मी सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. कळू दे, मुद्दाम आहे हे कळू दे.

तो गायला. मला कबूल करायला हवं, तो शूरासारखा गायला. हुशार गायकाला पळवाटा ठाऊक असतात, वरच्या पायरीला नुसता हात लावून खाली यायचं, हरकतींच्या आड लपायचं. त्याने एकही घेतली नाही. एकेक पायरी भरून घेत वर गेला, मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मन्सुरियेच्या आधी त्याने पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि मी, देवाशपथ, मी मान हलवली. चढ.

त्याचा आवाज वर टेकला, क्षणभर टिकला आणि फाटला. ओलं कापड ओढून फाडावं तसा. मग नुसता वारा.

कोणी हललं नाही. बेहलूलने डफ मांडीवर ठेवला, रुमालाने तोंड पुसलं. रुमालावर लाल होतं. तो उरल्यासुरल्या आवाजात म्हणाला, "माफ करा मंडळी. वय झालं. केरीम उस्तादांच्या वाद्याला माझा गळा पुरला नाही."

मी हे शब्द ऐकायला अठरा वर्षं जगलो. पण एक विचित्र गोष्ट. मला वाटलं होतं दीडशे माणसं त्याच्याकडे बघतील. ती सगळी माझ्याकडे बघत होती. मेशादी गुलामांना दिसत नाही, त्यांचाही चेहरा माझ्याकडे होता.

दिलशादने पुलाव आणून ठेवलाय. खाववत नाही.

४ ऑक्टोबर

झोप नाही. तो आवाज.

तो आवाज मी आधी ऐकलाय. फाटण्याच्या आधीचा तो क्षण, सूर वर टेकतो आणि माझ्या वाद्याच्या कातड्यात हलकीशी थरथर येते, छातीला कळते, कारण वाद्य छातीशी असतं. ती थरथर मला ओळखीची वाटली. काल नाही कळलं, आज पहाटे कळलं. अठ्ठावन्न सालीही तेवढ्याच अंतरावर मी बसलो होतो. डावीकडे गायक, उजवीकडे इस्राफिल. दोनदा पाहणं, दोनदा. काल तो का पाहत होता ते मला माहीत होतं, कारण पट्टी मीच चढवली होती. मग सेयफुल्ला का पाहत होता?

मी त्याला चढ म्हटलं होतं.

बेहलूल त्या दिवशी आधी गाऊन उतरला होता. तो गालिच्यावर नव्हताच. माझ्या भावाच्या वेळी वाद्य माझ्या हातात होतं, पट्टी मी दिली होती, आणि ती का दिली हे मी माझ्याच हाताने नऊ सप्टेंबरला लिहून ठेवलंय. वाचलं. पुन्हा वाचलं. एखाद्या परक्या माणसाने लिहावं तसं लिहिलंय, अर्धा सूर असेल म्हणे.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. आणि चोर मीच.

५ ऑक्टोबर

तुकेझबानकडे गेलो. ती मांडवाची भाड्याची भांडी मोजून ठेवत होती. मी दारातच विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. काय माहीत होतं, असं विचारलं नाही.

"त्यांनी शपथ घातली होती, दादाश."

"कसली?"

"तुम्हाला कळू द्यायचं नाही. म्हणाले, मी गाण्यावाचून जगीन, दुकानात बसेन, काहीही करीन. दादाश वाद्यावाचून जगणार नाही. त्याला कळलं तर तो हात लावणार नाही पुन्हा."

"मग बेहलूलने हो का म्हटलं? बाजारात. मुद्दाम म्हणाला तो."

"यांनीच पाठवला होता निरोप. दादाशला कोणीतरी लागेल, म्हणाले, शिव्या द्यायला. तू हो. बेहलूल म्हणाला, बरं." ती डोक्यावरच्या रुमालाने नाक पुसत होती. "शेवटी यांना वाटायला लागलं, आपण गेल्यावर हे असंच राहील. म्हणून लग्नात दोघांना एकत्र बसवायचं. एकदा त्याच्यासोबत वाजवलं की दादाशचा राग जाईल, म्हणायचे. मला वाटलं, गेलाय. त्या दिवशी सेगाहला तुम्ही रडलात तेव्हा मला वाटलं, गेला."

ती म्हणाली, बसा, चहा टाकते. मी बसलो नाही.

७ ऑक्टोबर

बेहलूलच्या घरी गेलो. बाग ओलांडून फाटकापाशी उभा राहिलो. त्याची बायको बाहेर आली. तिच्याशी मी जन्मात बोललेलो नाही.

"डॉक्टर म्हणाले दोन महिने एक शब्द बोलायचा नाही," ती म्हणाली. "गाण्याचं तर विचारूच नका. त्यांना विचारलं तर ते पाटीवर लिहितात, होईल बरं. होणार नाही."

"मला त्याची माफी मागायचीय, बाई."

"मागा की. पण इथे नको. त्यांनी सेयफुल्लाला शब्द दिला होता तो सेयफुल्लाच्या घरापुरता होता, तो रविवारी पाळून झाला. अठरा वर्षं बाजारात लोक माझ्याशी गोड बोलले आणि मला वाटायचं, कीव करतात. चहारगाह गायचा नाही, कारण दोस्ताचं गेलं ते आपण कसं गायचं, अशी त्यांची अक्कल. आणि तुम्ही तोच मागितलात." तिने फाटकाची कडी लावली. "ते खिडकीतून बघतायत. तुम्हाला आत घे म्हणून हात करतायत. मी घेणार नाही. जा तुम्ही."

मी मान वर करून पाहिलं नाही. तिचं बरोबर आहे. तिने दगड मारला असता तर मी खाल्ला असता.

९ ऑक्टोबर

गावाला सांगायचं ठरवलं. बेहलूलचं नाव खराब होऊन बसलं, आधी अठरा वर्षं पाडणारा म्हणून आणि आता पडलेला म्हणून. माझं नाव मात्र स्वच्छ. आज दुपारी चहाखान्यात गेलो. ओळीने सगळे म्हातारे बसले होते, इस्राफिलही होता. मी टोपी काढून मधोमध उभा राहिलो आणि सांगितलं. रविवारी पट्टी मी चढवली, मुद्दाम. आणि अठ्ठावन्न सालीही मीच, मुद्दाम नाही पण मीच. माझ्या भावाचा गळा मी फाडला. बेहलूलचा काही दोष नाही, तेव्हाही नाही, आताही नाही. सगळं बोललो. मला वाटलं होतं, कोणी थुंकेल, कोणी उठून जाईल. मारायलाही कोणी उठलं असतं तरी मी तयार होतो. त्यासाठीच गेलो होतो.

कोणी मान वर केली नाही. मेशादी गुलामांनी साखरेचा खडा चहात बुडवून दाताखाली धरला.

"बस, केरीम."

"तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हणालो?"

"ऐकलं. अठ्ठावन्न सालीही ऐकलं होतं. अर्धा सूर म्हणतोस, थोडा जास्तच होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला एकट्याला?" त्यांनी चहाचा पेला धरलेला हात ओळीवरून फिरवला. "हे मश्तागा आहे, बाबा. इथे गाढव बेसूर ओरडलं तरी घरोघरी चर्चा होते."

मी एकेकाकडे पाहिलं. कोणी माझ्या नजरेला नजर देईना. इस्राफिल पेल्यातल्या चहाकडे बघत होता.

"मग अठरा वर्षं कोणी बोललं का नाही?"

"दुसऱ्या दिवशी सेयफुल्ला इथे आला होता," मेशादी म्हणाले. "आवाज तर गेलेला. मग तो एकेकापाशी गेला आणि कानाशी तोंड नेऊन सांगत सुटला. दादाशला कळू देऊ नका. तीसेक माणसं असतील. प्रत्येकाच्या कानाशी. माझ्यापाशी आला तेव्हा त्याच्या श्वासाला रक्ताचा वास येत होता. आता सांग, कोण बोलणार होतं?"

मी उभाच होतो. कोणीतरी माझ्यामागे खुर्ची सरकवली.

"आणि रविवारी?" मी विचारलं. "रविवारी कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्या झंकारालाच."

"दीडशे माणसं होती. बेहलूलचा गळा जाणार हे तुम्हाला दिसत होतं. एकाने तरी हात धरायचा माझा. एकाने तरी म्हणायचं, थांब. का नाही थांबवलंत?"

मेशादी गुलामांनी पेला खाली ठेवला. त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि धरला.

"आम्हाला वाटलं," ते म्हणाले, "या वेळी तरी तू ऐकशील."